फॅकल्टीचं प्रोफेशनॅलिझम ट्रेनिंग तुमच्या गळ्यात पडलंय? मग हे आधी वाचा

डीन ऑफिसमधून मेल येतो की पुढच्या महिन्यात फॅकल्टीसाठी, म्हणजे मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्यांसाठी, प्रोफेशनॅलिझमवर (डॉक्टरने आपल्या कामात कसं वागावं यावर) वर्कशॉप घ्यायचंय, आणि मेडिकल एज्युकेशन युनिटमध्ये सगळ्यात नवीन तुम्ही असता म्हणून ते काम आपसूक तुमच्याकडे सरकतं. मग तुम्ही काय करता? जुनी पीपीटी शोधता. पहिल्या स्लाइडवर हिपोक्रेटिस, दुसऱ्यावर व्याख्या, तिसऱ्यावर करुणा, सचोटी, जबाबदारी असे मोठे मोठे शब्द. मी पण तेच केलं होतं. चाळीसेक जण हॉलमध्ये, मागच्या रांगेत दोघं इंटर्नल्सचे पेपर तपासत बसलेले, आणि संपल्यावर एक सिनिअर सर्जन खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "छान झालं हो, पण हे पोरांना सांगा ना, आम्हाला कशाला?"

तेव्हा राग आला होता. नंतर कळलं की चूक माझीच होती, मी त्यांना पोरांचंच लेक्चर दिलं होतं. फॅकल्टीला चांगलं वागा म्हणून सांगायची गरज नसते, बहुतेकांना ते माहीत असतं. त्यांना तीन गोष्टी येत नाहीत: स्वतःचं वागणं विद्यार्थ्यांना कसं दिसतं ते बघणं, चुकीच्या वागण्याला नेमक्या शब्दात पकडणं आणि त्याबद्दल समोरच्याशी बोलणं. तुमचं सगळं ट्रेनिंग या तीन गोष्टींभोवती फिरलं पाहिजे, बाकीचं सोडलं तरी चालतं.

पायरी १: "आम्हाला कशाला" याचं उत्तर तयार ठेवा

हा प्रश्न येणारच, त्यामुळे पहिल्या दहा मिनिटात तुम्हीच काढा. फ्रेडरिक हॅफर्टी नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९९०च्या दशकात हिडन करिक्युलम, म्हणजे छुपा अभ्यासक्रम, ही कल्पना मेडिकल शिक्षणात आणली. साधी गोष्ट आहे. एथिक्सच्या तासाला आपण शिकवतो की पेशंटचा मान राखा, आणि अर्ध्या तासाने राऊंडला आपणच म्हणतो "बेड नंबर सातचं लिव्हर बघून घ्या". विद्यार्थी दुसरं वाक्य शिकतो, कारण ते खऱ्या जागी आणि खऱ्या माणसाबद्दल बोललेलं असतं, आणि बोलणारा असा असतो की पुढे आपल्यालाही तसंच व्हायचंय असं त्याला वाटत असतं.

आकडा हवा असेल तर अमेरिकेतल्या पेनसिल्वेनियातल्या मेडिकल स्टुडंट्सचा १९९४ मध्ये छापून आलेला सर्व्हे सांगा. त्यात ९८ टक्के विद्यार्थ्यांनी पेशंटबद्दल अपमानास्पद बोलणारे डॉक्टर ऐकले होते. दुसरा मॅक्सीन पापाडाकिस आणि सहकाऱ्यांचा २००५ चा अभ्यास. ज्यांच्यावर पुढे मेडिकल बोर्डाने (अमेरिकेत डॉक्टरांना परवाना देणारी संस्था) कारवाई केली अशा २३५ डॉक्टरांच्या कॉलेजमधल्या जुन्या फाइल्स त्यांनी काढल्या आणि कारवाई न झालेल्या ४६९ जणांशी ताडून पाहिल्या. कारवाई झालेल्यांच्या फाइलमध्ये कॉलेजातल्या गैरवर्तनाच्या नोंदी असण्याची शक्यता साधारण तिप्पट निघाली, आणि सगळ्यात जड ठरला तो बेजबाबदारपणा, म्हणजे कामाला न येणं, सांगितलेलं न करणं, फॉलोअप न ठेवणं.

पण हा अभ्यास सांगताना जरा जपून. ऐकणाऱ्याला लगेच वाटतं की "म्हणजे ज्याच्या नावावर शेरा आहे तो पुढे बिघडणार". तसं नाहीये. बोर्डाची कारवाई मुळात थोड्याच डॉक्टरांवर होते, त्यामुळे शेरा असलेल्या बहुतेकांचं पुढे ठीकच होतं. यातून घ्यायचं ते एवढंच की अशा नोंदींना काहीतरी अर्थ असतो, म्हणून फॅकल्टीने बघून न बघितल्यासारखं करू नये.

पायरी २: विशेषणं बंद करा

माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा या पायरीचा होतो आणि लोक नेमकी हीच उरकतात.

डॉक्टरांनी कसं वागावं याची यादी हवी असेल तर २००२ चा फिजिशियन चार्टर आहे, अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या इंटर्नल मेडिसिनच्या संस्थांनी मिळून केलेला. तीन तत्त्वं (पेशंटचं हित आधी, पेशंटचा स्वतःचा निर्णय, सामाजिक न्याय) आणि दहा जबाबदाऱ्या. एक पान प्रिंट करून वाटा, वाचून दाखवू नका, लोक झोपतात.

त्याऐवजी हे करा. प्रत्येकाला एक कोरा कागद द्या आणि सांगा, तुम्हाला खटकलेला एक विद्यार्थी किंवा रेसिडेंट आठवा आणि तो कसा होता ते एका ओळीत लिहा. येतं काय? "अॅटिट्यूड प्रॉब्लेम", "सिन्सिअर नाही", "उद्धट", "ढिला". मग सांगा की आता ही विशेषणं खोडा आणि तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलं, कानांनी काय ऐकलं तेवढंच लिहा. हॉल शांत होतो. पाच मिनिटं कुणाचं पेन हलत नाही, कारण बऱ्याच जणांच्या लक्षात येतं की मत पक्कं आहे पण घटना आठवतच नाहीये, किंवा ते मत दुसऱ्याच कुणाकडून ऐकलेलं आहे.

"अप्रामाणिक आहे" असं लिहिलंत तर भांडण. "पेशंटला न तपासता केसपेपरवर चेस्ट क्लिअर लिहिलं, मी स्टेथो लावला तर उजवीकडे खाली क्रेप्स (फुप्फुसातला चरचर आवाज) होते" हे लिहिलंत तर त्यावर बोलता येतं, सुधारता येतं, आणि उद्या अपील झालं तर टिकतंही. मॅकगिल युनिव्हर्सिटीत बनलेला पी-मेक्स नावाचा एक फॉर्म आहे, २००६ मध्ये छापून आला, तो याच तत्त्वावर आहे. त्यात २४ दिसणाऱ्या वागणुकी आहेत, चार गटात: पेशंटशी नातं, स्वतःकडे बघणं, वेळेचं भान आणि इतर स्टाफशी वागणं. एखाद्या प्रसंगी विद्यार्थ्याला बघायचं आणि त्यातलं जे दिसलं तेवढंच भरायचं. फॅकल्टीला तो फॉर्म हातात द्या आणि एकदा स्वतःलाच त्यावर भरून बघा म्हणा. कुणाला दाखवायचा नाही असं नक्की सांगा, नाहीतर सगळ्यांचे सगळे रकाने उत्तम येतात.

पायरी ३: प्रसंग गोळा करा, आणि ओळखू येणार नाहीत असे करा

पुस्तकातले प्रसंग चालत नाहीत. "डॉक्टर अ ने औषध कंपनीकडून महागडी भेट घेतली, योग्य की अयोग्य?" यावर कुणालाच काही वाटत नाही. तुमच्याच संस्थेतून प्रसंग गोळा करा. पद्धत जुनी आहे, जॉन फ्लॅनॅगन या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलेली क्रिटिकल इन्सिडंट टेक्निक, तिची मुळं दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांवरच्या कामात आहेत. विद्यार्थी, इंटर्न, रेसिडेंट, नर्सेस यांना निनावी फॉर्म द्या आणि तीनच प्रश्न विचारा: काय घडलं, कोण काय बोललं किंवा काय केलं, त्याचा परिणाम काय झाला. "तुम्हाला काय वाटतं" हा प्रश्न घालू नका, निबंध येतात.

आणि चांगले प्रसंग पण मागा हं. मी पहिल्यांदा फक्त वाईट मागितले, त्यामुळे हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकाला आपण आरोपी आहोत असं वाटायला लागलं. खरं तर चांगले प्रसंग जास्त शिकवतात. एका इंटर्नने लिहिलं होतं की ऑपरेशनमध्ये गुंतागुंत झाल्यावर मॅडम स्वतः बाहेर गेल्या, नातेवाईकांसमोर खाली बसल्या, म्हणाल्या काय झालं ते मी सांगते, आणि मला बाजूला उभं राहायला सांगितलं. बस. त्या मुलाला कम्युनिकेशनवर दहा लेक्चरं दिली असती तरी हे आलं नसतं.

आता माझी फजिती. एक प्रसंग मी जवळजवळ जसाच्या तसा वापरला, फक्त डिपार्टमेंट बदललं. वाचून दाखवताना तिसऱ्या रांगेतल्या एका चेहऱ्याकडे सगळ्यांच्या माना वळल्या तेव्हा कळलं. ते सर पुढे दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत आणि बरोबरच होतं त्यांचं. तेव्हापासून नियम केला: डिपार्टमेंट, पद, स्त्री की पुरुष, वेळ, आजार हे सगळं बदलायचं, मग त्या विषयाशी संबंध नसलेल्या एका माणसाला वाचायला द्यायचं आणि विचारायचं "कोण आठवलं?" नाव आलं की प्रसंग बाद, कितीही भारी असला तरी.

सुरुवातीला हाताशी काही नसेल तर हे चालतील, जवळपास कुठल्याही कॉलेजात घडू शकतात असे आहेत. राऊंडला रेसिडेंटला पेशंटचं क्रिएटिनिन (किडनीच्या तपासणीचा आकडा) आठवत नाही आणि सर पेशंटसमोर फाइल कॉटवर आपटतात. ऑपरेशन थिएटरमध्ये भूल दिलेल्या बाईची आतून तपासणी विद्यार्थ्यांना "शिकायला" करायला लावतात आणि तिला आधी कुणीच विचारलेलं नाही. डिपार्टमेंटच्या ग्रुपवर इंटरेस्टिंग एक्स-रे टाकला जातो, कोपऱ्यात पेशंटचं नाव स्पष्ट दिसतंय. रिसर्च पेपरवर एचओडींचं नाव आहे, त्यांनी पेपर वाचलेलाही नाही (वैद्यकीय जर्नल एडिटर्सच्या आंतरराष्ट्रीय समितीचे लेखकपदाचे चार निकष आहेत आणि चारही पूर्ण व्हावे लागतात, हे कित्येक प्रोफेसरांना त्या दिवशी पहिल्यांदा कळतं). या शेवटच्या प्रसंगावर सगळ्यात जास्त आवाज चढतो, तयारीत राहा.

पायरी ४: कोण, किती, कधी

पटकन सांगते. एका गटात आठ ते दहा जण, डिपार्टमेंट मिसळून, पण कुणाचा बॉस त्याच्याच गटात नको. पूर्ण दिवस नको, अडीच-तीन तास पुरतात. फोन बंद करा म्हणू नका, इमर्जन्सीवाल्यांना ते शक्यच नसतं. अॅनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्रीवाल्यांना विसरू नका, विद्यार्थी पहिल्यांदा भेटतो तो त्यांनाच, देहदान केलेल्या माणसाच्या शरीराशी कसं वागायचं ते तिथेच शिकतो, आणि व्हायवात रडवलं जातं तेही तिथूनच सुरू होतं. शक्य झालं तर एक सिनिअर नर्स को-फॅसिलिटेटर म्हणून घ्या. पहिल्यांदा काही जणांच्या भुवया वर जातील, जाऊ द्या.

पायरी ५: बोलायचा सराव, इथे निम्मा वेळ घाला

प्रसंगावर चर्चा झाली की सगळे म्हणतात "हो हो, हे चूक आहे" आणि विषय संपला असं वाटतं. संपलेला नसतो. आता विचारा, "बरं, मग तुम्ही तिथे असता तर नेमकं कुठलं वाक्य बोलला असता?" वाक्य तोंडातून काढायला लावा. रोलप्ले म्हटलं की अर्धे जण वॉशरूमला जातात म्हणून मी तो शब्दच वापरत नाही, दोघादोघांना समोरासमोर बसवते आणि "जरा बोलून बघा" एवढंच म्हणते.

विद्यार्थ्याशी बोलताना क्रम असा: जे पाहिलं ते सांगायचं, मग विचारायचं आणि थांबायचं, मग आपली अपेक्षा सांगायची, मग पुढे काय ते दोघांनी ठरवायचं. उदाहरणार्थ,

"या आठवड्यात तू तीनदा राऊंड सुरू झाल्यावर आलास. काय चाललंय?"

इथे थांबा. खरंच थांबा. फॅकल्टी इथे पाच सेकंदसुद्धा गप्प बसू शकत नाहीत, लगेच "आमच्या वेळी" सुरू होतं. आणि त्या पाच सेकंदांनंतर जे येतं ते कधी कधी वेगळंच असतं: घरी कुणी आजारी आहे, सलग ड्युट्या लागल्यात, झोप येत नाहीये, जगावंसं वाटत नाहीये. सगळ्या उशिराला बेजबाबदारपणा म्हणून मोकळं होता येत नाही. म्हणून ट्रेनिंगमध्ये हे पण सांगा की असं काही ऐकलं तर त्याच दिवशी कुठे पाठवायचं, कुणाचा नंबर, आणि त्या मुलाला तिथे एकट्याने जायला लावायचं नाही. कारण खरं असलं तरी पेशंटचं काम कुणीतरी करावं लागतंच, त्यामुळे अपेक्षा सांगायची ती सांगायचीच, फक्त आधी ऐकून.

सहकाऱ्याशी बोलणं याहून अवघड. व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीत जेराल्ड हिक्सन यांच्या टीमने यासाठी एक पायऱ्यांची पद्धत बसवली. पहिल्यांदा घडलेल्या गोष्टीसाठी बरोबरीच्या माणसाने कॉफी पिता पिता केलेलं अनौपचारिक बोलणं. पॅटर्न दिसायला लागला की आकडे आणि तक्रारी समोर ठेवून केलेलं बोलणं. तरी बदल नाही तर वरिष्ठांनी आखून दिलेली सुधारणा, आणि मग शिस्तभंगाची कारवाई. यातली पहिली पायरी प्रत्येक फॅकल्टीला आलीच पाहिजे. तिचं गुपित असं की तिथे चौकशी करायची नसते, न्यायही करायचा नसतो. ऐकलेली गोष्ट पोचवायची आणि निघायचं.

"सर, दोन मिनिटं होती का? काल थिएटरमध्ये सिस्टरांवर आवाज चढल्याचं माझ्या कानावर आलं. तुमची बाजू असेलच, मला सगळं माहीत नाही. पण तुम्हाला कळावं असं वाटलं म्हणून आलो."

ते चिडतील, "कोण म्हणालं?" विचारतील. नाव सांगायचं नाही, वाद घालायचा नाही, "बघा सर, मला एवढंच सांगायचं होतं" म्हणून उठायचं. याचा सराव चार-पाचदा करून घ्या, चिडणाऱ्या सरांचं काम एखाद्या खऱ्या सिनिअरला द्या, ते फार रंगात येऊन करतात. कुणी म्हणालं की ओरडण्याने काय बिघडतं, काम तर होतं, तर २०१५ मध्ये पीडिअॅट्रिक्समध्ये आलेला प्रयोग सांगा. नवजात अतिदक्षता विभागातल्या २४ टीम्सना सिम्युलेशनमध्ये एक केस दिली, काही टीम्सना बाहेरून आलेल्या एक्स्पर्टने उद्धट शेरे ऐकवले, आणि त्या टीम्सचं निदान आणि प्रोसिजर दोन्ही खालावलं. उद्धट बोलणं ऐकलेल्या टीमचा फटका शेवटी कॉटवरच्या बाळाला.

एक कडक सूचना: लैंगिक छळ, नशेत ड्युटी, पेशंटला मुद्दाम इजा, रेकॉर्डमध्ये फेरफार, यासाठी कॉफी वगैरे काही नाही. सरळ औपचारिक तक्रार, त्याच दिवशी. हे सेशनमध्ये बोर्डवर लिहून ठेवा कारण "आपसात मिटवू" म्हणणारा एक तरी भेटतोच.

पायरी ६: लिहून ठेवायला शिकवा

फॅकल्टी नापास करायला का घाबरतात यावर नॅन्सी ड्यूडेक आणि सहकाऱ्यांचा २००५ चा अभ्यास आहे. कारणं वाचली की आपल्याच स्टाफरूममधलं बोलणं वाटतं: नोंदी नसतात, काय नोंदवायचं ते कळत नाही, अपीलची भीती, आणि नापास केलं तरी सुधारायला पुढे काही सोय नाही. त्यातली पहिली दोन तुमच्या हातात आहेत. तारीख, जागा, काय पाहिलं, त्याच्याशी काय बोललो, तो काय म्हणाला, काय ठरलं. सहा ओळी, त्याच दिवशी. विद्यार्थ्याला दाखवायची लाज वाटेल असं काही लिहायचं नाही. दुसऱ्या दोन कारणांसाठी तुम्हाला डीनकडे जावं लागेल, ते ट्रेनिंगच्या आधी जा, नाहीतर भर सेशनमध्ये कुणीतरी विचारेल "लिहिलं, पुढे काय?" आणि तुमच्याकडे उत्तर नसेल. माझ्याकडे नव्हतं.

याच ठिकाणी एक धोका पण बोलून घ्या. प्रोफेशनॅलिझम हा शब्द चाबूक म्हणून वापरता येतो. केस कसे आहेत, उच्चार कसे आहेत, सुट्टी का मागितली, प्रश्न का विचारला, सगळ्याला "अनप्रोफेशनल" म्हणता येतं. मी फॅकल्टीला एकच प्रश्न विचारायला सांगते: या वागण्याने पेशंटचं, सहकाऱ्याचं किंवा शिकण्याचं नेमकं काय नुकसान झालं? उत्तर सापडलं नाही तर ती आपली आवड आहे, त्याची नोंद करायची नाही.

पायरी ७: सेशन संपल्यावर

फीडबॅक फॉर्मवर सगळे "एक्सलंट" लिहितात, त्यावर विसंबू नका. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये ट्रेनिंग मोजायच्या चार पातळ्या सांगितल्या: आवडलं का, शिकले का, वागणं बदललं का, परिणाम दिसला का. आपण बहुतेक वेळा पहिल्याच पातळीवर फोटो काढून रिपोर्ट पाठवतो.

मी शेवटी एक कार्ड देते. "येत्या सहा आठवड्यात मी ही एक गोष्ट वेगळी करणार." एकच, आणि दिसेल अशी. "अधिक सहृदय होईन" लिहिलं की परत देते. "राऊंडला पेशंटला आधी नावाने बोलावीन, मग केस सांगायला लावीन" हे चालतं. कार्डाचा फोटो त्यांच्याचकडे राहतो, मूळ कार्ड माझ्याकडे, आणि सहा आठवड्यांनी एक ओळीचा मेसेज: झालं, अर्धवट झालं, की विसरलो? उत्तर न देणारे असतातच. "विसरलो" लिहिणारे बरेच असतात आणि त्यांच्याशी पुढचं बोलणं सगळ्यात चांगलं होतं, कारण कशामुळे विसरलात विचारलं की ओपीडीची गर्दी, कमी स्टाफ, एचओडींची घाई असं सगळं बाहेर येतं आणि मग कळतं की काही गोष्टी माणसाच्या स्वभावातल्या नसून टाइमटेबलमधल्या आहेत, त्या माणसाला ट्रेनिंग देऊन सुटणार नाहीत. ती यादी नावं काढून डीनकडे द्या.

दुसऱ्या सेशनची तारीख पहिलं सेशन चालू असतानाच ठरवून बोर्डवर लिहा, नंतर ठरवू म्हटलं की ते वर्षभर होत नाही.